बशीतला खडू

हातोडी पडली आणि बाईंच्या हातातली सुरी अर्ध्या कांद्यात थांबली.

स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे मिस्त्रींची, म्हणजे बाईंच्या नवऱ्याची, शेड. सकाळपासून तिथं एक म्हातारा ट्रॅक्टर येऊन बसला होता आणि मिस्त्री त्याच्या फ्लायव्हीलवर ठोकून बघत होते. इंजिनाच्या कुशीला बाहेरून बसवलेलं, ओतीव लोखंडाचं, दोघांनाही न उचलवणारं चाक. असल्या चाकाला हातोडी लागली की घंटेसारखा आवाज यायला हवा आणि हातोडी उचलल्यावरही तो जरा वेळ रेंगाळायला हवा. हा आवाज आला तसा बसला. भद्द.

बाईंनी दुसऱ्या ठोक्याची वाट पाहिली. दुसराही तसाच. तडा गेलेल्या कपाला चमचा लागावा तसा.

“वा! काय दणदणीत आवाज!” पलीकडे व्याही म्हणाले. “जुनं लोखंड म्हणजे जुनं लोखंड. आता असं मिळतं का मिस्त्री?”

“बघू,” मिस्त्री म्हणाले.

हा ‘बघू’ अलीकडचा. पूर्वी बोलण्यात मिस्त्री कुणाला हार जाणारे नव्हते. पण गेल्या एक-दोन वर्षांत त्यांनी शोधून काढलं होतं की समोरच्यानं काहीही विचारलेलं असो, ‘बघू’ हे उत्तर त्याला बसतं. काम कधी होईल? बघू. आणखी काही निघेल का? बघू. गिऱ्हाइकं एकमेकांत म्हणायची, मिस्त्री वयाबरोबर गंभीर झाले हो. मिस्त्री गंभीर वगैरे काही झाले नव्हते. त्यांना ऐकू येईनासं झालं होतं. ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक मिस्त्री आणि दुसऱ्या बाई, आणि दोघंही ती एकमेकांपासून लपवून होती.

अगदी ठार बहिरे नव्हते ते. जाड आवाज कळायचे. कुणी तोंडासमोर तोंड धरून बोललं तर सगळं समजायचं. गेले होते ते बारीक आवाज. कुकरची शिट्टी गेली, फोनची रिंग गेली, आणि लोखंडाच्या आवाजाचा शेवटचा, हवेत लोंबणारा धागाही गेला. दुसऱ्या कुणाचं त्या धाग्यावाचून काही अडलं नसतं. मिस्त्रींचा सगळा धंदा त्या धाग्यावर होता. गंजून बसलेली वस्तू सुटत आली की तिचा आवाज बदलतो, आणि तुटत आली की तो वेगळा बदलतो. हे दोन आवाज वेगळे ओळखतो तो मिस्त्री. बाकीचे नुसते ठोकणारे.

आणि बाई? बाईंनी उभ्या आयुष्यात हातोडी हातात धरली नव्हती. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा भिंतीपलीकडच्या ठोकाठोकीनं त्यांचं डोकं उठायचं. पहिल्या वर्षी त्या कानात कापूस घालून स्वयंपाक करायच्या. दुसऱ्या वर्षी कापूस सुटला. तिसऱ्या वर्षी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ठोक्या-ठोक्यातला फरक कळतोय. एकदा मिस्त्री कसलासा दांडा तासभर ठोकत होते, तर भांडी घासता घासता बाई वैतागून ओरडल्या, “अहो, निघालं की ते! आता किती मारताय बिचाऱ्याला?” मिस्त्रींनी हात लावून बघितलं. दांडा खरंच सैल झालेला.

तेव्हापासून खेळच झाला. अवघड काही असलं की मिस्त्री एक ठोका मारायचे, भिंतीकडे तोंड करून विचारायचे, “काय म्हणतंय?” आणि भिंतीतून उत्तर यायचं, “अजून नाही म्हणतंय,” नाहीतर “आता येतं म्हणतंय.” गिऱ्हाइकांना मोठी गंमत वाटायची. मिस्त्रींची भिंत बोलते, असं लोक लांबलांब सांगायचे.

मग मिस्त्रींनी विचारणं बंद केलं. नेमकं कान गेले तेव्हाच. जोवर ते स्वतः ऐकू शकत होते, तोवर बायकोला विचारण्यात थट्टा होती. आता विचारलं असतं तर ती गरज झाली असती, आणि गरज सांगायला मिस्त्रींची जीभ उचलत नव्हती. बाईही आपण होऊन सांगत नव्हत्या. न विचारता सांगितलं तर त्याचा अर्थ काय होतो, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या.

एरवी हे निभावून जात होतं. सायकलचा पेडल किंवा पंपाचा पंखा मोडला तर दुसरा आणता येतो. या चाकाला दुसरं नव्हतं. ज्या कारखान्यानं हा ट्रॅक्टर बनवला तो कधीच बंद पडला होता. आणि हे चाक आणलं होतं व्याह्यांनी.

व्याही हा पाहुण्यांतला सगळ्यात अवघड प्रकार. त्याच्यासमोर हसायचं तेही मोजून. मिस्त्री आणि व्याही यांच्यात मुलीच्या लग्नापासून इतकी अदब चालू होती की “तुम्ही आधी बसा,” “छे छे, तुम्ही आधी,” या भानगडीत दोघंही बराच वेळ उभेच असायचे. एकानं दुसऱ्याला चूक म्हटल्याचं उदाहरण नव्हतं. व्याही पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हा गडी दिवसभर आपल्याच मागं लागणार. तेवढ्यात त्यांना परसातल्या पत्र्याखालचा वडिलांचा ट्रॅक्टर आठवला आणि घर वाचलं. जुन्या यंत्रांचं एक प्रदर्शन भरणार होतं. तिथं तो स्वतः चालवत नेण्याचा बेत व्याह्यांनी दिसेल त्याला सांगून टाकला होता. इंजिन फिरत होतं, पण फ्लायव्हीलच्या मागचं बेअरिंग गेलेलं. ते बदलायला चाक काढायला हवं, आणि चाक निमुळत्या दांड्यावर असं गंजून बसलेलं की दोघांचा जीव एक झालेला.

“सहा दिवस तेल-रॉकेल पाजलंय त्याला, तुम्ही सांगितलं तसं,” सकाळी आल्या आल्या व्याही म्हणाले होते. “बाकी मी हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, हे मिस्त्रींचं काम.”

बाईंनी ते ऐकलं होतं, आणि ऐकून पाण्याचे पेले मुकाट्यानं पुढं केले होते. कारण आठवड्यापूर्वी फोनवर मुलगी हसत हसत म्हणाली होती, “आई, आमच्याकडे रोज सकाळी घणाचा गजर असतो. सासरे परसात त्या चाकाशी कुस्ती खेळतात. काल पहारही घातली होती मागनं. कुणाला सांगू नकोस हं, त्यांनी आम्हाला बजावलंय.”

आता कांदा कापायचा ठेवून बाई उभ्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात सगळं जुळत होतं. चाकात तडा आहे. तो व्याह्यांच्या घणानं गेलाय. मिस्त्रींना ऐकू आलेला नाही. आता ते चाक ओढून काढायचा पुलर लावतील, त्याच्या नख्या चाकाच्या आऱ्यांत अडकवतील, मधला स्क्रू आवळतील, आणि तडा उघडून चाक त्यांच्या हातात फुटेल. मग व्याही मोठ्या मनानं म्हणतील, “जाऊ द्या मिस्त्री, होतं असं वयोमानानं.” आणि हे मोठं मन ते जन्मभर चारचौघांत मिरवतील.

तडा आहे असं ओरडून सांगावं? व्याही विचारतील, तुम्हाला कसं कळलं विहीणबाई? आवाजावरून म्हटलं तर पुढचा प्रश्न मिस्त्रींच्या कानांवर येतो. फोनवरून म्हटलं तर मुलीचं त्या घरात अवघड होतं.

पलीकडे लोखंडाला लोखंड लागलं. कट, कट, कट. पुलरच्या नख्या आऱ्यांवर बसल्या.

बाईंनी चहाचं आधण ठेवलं. उकळी येईतो त्यांनी फळीवर हात फिरवला. डब्यांवर काय भरलंय ते लिहायला एक पांढरा खडू तिथं पडलेला असायचा. तो त्यांनी तिसऱ्या कपाच्या बशीत ठेवला.

त्या शेडमध्ये गेल्या तेव्हा मिस्त्री पुलरच्या स्क्रूवर लांब पाना चढवून उभे होते. व्याही हात मागं बांधून मार्गदर्शन करत होते.

“चहा,” बाई मोठ्यानं म्हणाल्या आणि तबक नेमकं पाना आणि मिस्त्री यांच्या मधे धरलं.

“आत्ता?” मिस्त्री म्हणाले. “एवढं आवळतो आणि...”

“निवेल.”

व्याह्यांनी आपला कप उचलला आणि तबकाकडे बघितलं. “विहीणबाई, आमच्याकडे चहाबरोबर बिस्किट देतात. खडू नवीनच दिसतोय.”

“तुम्हाला आहे की बिस्किट. खडू यांचा आहे.”

मिस्त्रींनी खडूकडे बघितलं. मग बाईंकडे. लोखंडात बारीक तडा असला तर तो डोळ्यांना दिसत नाही. पण रॉकेल त्यात शिरून बसतं. वरून पुसून खडू फासला की आतलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ही युक्ती त्यांनीच कधीतरी जेवताना बाईंना रंगवून सांगितली होती. हा खडू कशासाठी, हे कळायला त्यांना वेळ लागला नाही. वेळ लागला तो दुसरं कळायला. हिला भिंतीपलीकडून जे ऐकू आलं, ते मला चाकापाशी उभं राहून आलं नाही. आणि मला येणार नाही हेही हिला आधीच ठाऊक होतं.

त्यांचा चेहरा क्षणभर चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा झाला. मग त्यांनी पाना खाली ठेवला.

“एक मिनिट हं,” ते व्याह्यांना म्हणाले. “काढण्याआधी अंग बघून घेतो. आमच्याकडे पद्धत आहे.”

“अवश्य, अवश्य. पद्धत म्हणजे पद्धत.”

मिस्त्रींनी नख्या सोडवल्या, चिंधीनं चाक कोरडं पुसलं आणि आऱ्यांवर, मधल्या तुंब्यावर सगळीकडे खडू फासला. काळंकुट्ट चाक पीठ लावल्यासारखं दिसायला लागलं. तिघं चहा पीत उभे राहिले. व्याही प्रदर्शनाबद्दल सांगत होते, मैदान किती मोठं, कोण कोण येणार, आपला ट्रॅक्टर कितवा. सांगता सांगता त्यांचं वाक्य मधेच राहिलं.

एका आऱ्यावर, तुंब्यापासून चार बोटांवर, केसाएवढी ओली रेघ उमटली होती. बघता बघता ती जाड झाली.

मिस्त्रींनी खाली वाकून कानशीचं टोक तिथं घासलं. तड्याच्या कडा आत चकचकीत होत्या. जुना तडा असता तर गंजानं लाल असता. मग त्यांनी चाकाच्या मागच्या कडेवर बोट फिरवलं. तिथं ग्रीस जरा जास्तच चोपडलेलं होतं. ग्रीस बोटानं सरलं आणि खाली घणाच्या खुणा दिसल्या. मिस्त्रींनी त्या बघितल्या. मिस्त्रींनी बघितल्या हे व्याह्यांनी बघितलं.

मिस्त्रींनी बोटानंच ग्रीस पुन्हा होतं तिथं सारवलं.

“ओततानाच दोष राहिला असेल,” उठत ते म्हणाले. “त्या काळचं काम. वय झालं की आतलं बाहेर येतं.”

“असेल,” व्याही म्हणाले. पोस्टाच्या खिडकीतून रस्त्यापलीकडच्या माणसाला बोलावणारा आवाज त्यांचा. त्यातून एवढासा ‘असेल’ निघाला.

आता पद्धत बदलावी लागली. आऱ्यांना धक्काही लावायचा नव्हता. मिस्त्रींनी जाड पत्र्याच्या दोन अर्ध्या टिकल्या शोधून काढल्या, चाकाच्या मागं थेट तुंब्याला टेकवून बोल्टांनी पुलरला जोडल्या, म्हणजे सगळी ओढ मधल्या जाड भागावर यावी. दांड्यावरचा नट त्यांनी पूर्ण काढला नव्हता. चार आटे ठेवले होते, चाक सुटून अंगावर उडू नये म्हणून. स्क्रू थोडा आवळला. थांबले. स्क्रूच्या टाळूवर हातोडी घातली. पुन्हा थांबले.

बाई रिकामं तबक घेऊन दारातच उभ्या होत्या. कांदा तसाच पडलेला, गॅस बंद केला होता की नाही तेही आठवत नव्हतं. पण पाय निघत नव्हता.

मिस्त्री चाकावर वाकले होते आणि त्यांची पाठ व्याह्यांकडे होती. व्याही खाली जमिनीकडे बघत होते. मग ते बोलले, इतक्या हळू की बाईंनाही कान द्यावा लागला.

“मिस्त्री, एक बोलायचंय. तो दोष ओतण्यातला नाही. मी घण घातला. पहारही घातली. वाटलं, आपणच काढावं, तुमच्याकडे नुसतं बेअरिंगला आणावं. वडील एकटे काढायचे हो हे चाक. मला एकदाही हात लावू दिला नाही, म्हणायचे, तुझ्या हातात लोखंड नाही. साठी उलटली तरी ते डोक्यातून जात नाही बघा. खोटं बोललो तुमच्याशी. माफ करा.”

आपल्या मागं काहीतरी बोलणं होऊन थांबलंय, एवढं मिस्त्रींच्या पाठीला कळलं असावं. मान न वळवता ते म्हणाले,

“बघू.”

व्याह्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग त्या पाठीकडे बघितलं. मिस्त्रींना उभ्या जन्मात कुणी इतक्या आदरानं पाठमोरं पाहिलं नसेल. बाईंनी तबक छातीशी घट्ट धरलं.

मिस्त्रींनी पाना आणखी थोडा फिरवला. हातोडी घातली. आणि या वेळी बाईंच्या कानात काहीतरी हललं. ठोक्याच्या शेपटीला एक बारीकसा सूर आला होता, किरकिरा, जिवंत. म्हणजे दांडा आणि चाक एकमेकांना सोडायला लागले होते. इथं जोर केला की आरा जाणार.

मिस्त्रींनी पाना धरला. आवळला नाही. त्यांनी मान वळवली, व्याह्यांना ओलांडून दाराकडे बघितलं आणि किती तरी दिवसांनी विचारलं,

“काय म्हणतंय?”

“येतं म्हणतंय,” बाई म्हणाल्या. “आवळू नका आता. नुसता एक ठोका. हलका.”

“अरेच्चा!” व्याही उजळले. “हीच का ती बोलणारी भिंत?”

मिस्त्रींनी हातोडी पुरती उचललीसुद्धा नाही. मनगटातून एक टिचकी मारल्यासारखा ठोका दिला.

ठाण!

चाक बोटभर पुढं उडालं आणि नटावर अडून थरथरत थांबलं. हा आवाज मिस्त्रींनाही ऐकू आला. चाकावर हात ठेवून ते थरथर थांबेपर्यंत उभे राहिले, आणि व्याह्यांनी सगळी अदब विसरून त्यांना मागनं मिठी मारली. तेलाचा एक मोठा डाग त्यांच्या पांढऱ्या शर्टावर कायमचा राहिला.

आऱ्याला डाग द्यायला ओतीव लोखंडाचा जाणकार वेल्डर लागणार होता आणि त्याच्याकडे रांग होती. प्रदर्शन चुकणार होतं.

“चुकू दे,” जाताना व्याही दारात बाईंना म्हणाले. “पुढच्या वर्षी आहेच. विहीणबाई, एक सांगू? मिस्त्रींचं मन फार मोठं. मी आज एक गोष्ट कबूल केली त्यांच्याजवळ. दुसऱ्यानं मला फाडून खाल्लं असतं. हे नुसतं ‘बघू’ म्हणाले.”

“ते तसेच आहेत,” बाई म्हणाल्या.

दुपारी जेवायला उशीर झाला. मिस्त्री खाली मान घालून जेवत होते. बाई उठल्या आणि बाजूला बसायची जागा सोडून त्यांच्या अगदी समोर येऊन बसल्या.

“व्याही कबूल झाले,” त्या म्हणाल्या. “घण त्यांनीच घातला होता.”

मिस्त्रींनी मान वर केली. “कधी?”

“तुम्ही स्क्रू आवळत होतात तेव्हा. माफी मागितली तुमची. वडिलांचंही काही बोलले. तुझ्या हातात लोखंड नाही, म्हणायचे म्हणे.”

मिस्त्रींचा घास हातातच राहिला. अंगणात कुणीतरी बादली आपटली, पाणी सांडलं. त्यातलं त्यांना किती ऐकू आलं कोण जाणे.

“आणि मी काय म्हणालो?”

“बघू.”

मिस्त्री आधी हसले. खदाखदा, ठसका लागेपर्यंत हसले. बाईंनी पाणी पुढं केलं. ते प्यायले आणि त्यांनी पेला खाली ठेवला.

“कधीपासून ठाऊक आहे तुला?”

“कुकरला तीन शिट्ट्या होऊन गेल्या आणि तुम्ही शेजारी बसून म्हणालात, आज वरण का शिजत नाही. तेव्हापासून.”

“म्हणजे पहिल्यापासूनच.”

“तेव्हापासूनच.”

बाईंनी वाढलं, मिस्त्रींनी खाल्लं.

दुसऱ्या दिवशी बाई सकाळच्या कामाला लागल्या तर स्वयंपाकघरातला त्यांचा बसायचा स्टूल जागेवर नव्हता. त्यांनी इकडे तिकडे शोधला. मग शेंगांची परात घेऊन, मिस्त्रींना विचारावं म्हणून, त्या शेडच्या दारात गेल्या.

स्टूल तिथं होता. चिंधीनं पुसून, वर जुन्या पोत्याची घडी घालून, कामाच्या टेबलासमोर ठेवलेला. भिंतीला पाठ आणि मिस्त्रींकडे तोंड. मिस्त्री शिकंज्यात कसलंसं पंपाचं तोंड अडकवून उभे होते. त्यांनी वर बघितलं नाही.

बाई बसल्या. परात मांडीवर घेतली, एक शेंग उचलली.

मिस्त्रींनी ठोका मारला आणि मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं.

शेंग सोलता सोलता बाईंनी मान हलवली. अजून नाही.